गाडी फलाटाला लागेपर्यंत

दुपारी मिहू झोपली, की घरात एकच आवाज उरायचा. पप्पांच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवलेल्या काळ्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा. लांब कुठेतरी रानात मळणीयंत्र चालू ठेवून माणसं जेवायला गेली असावीत, तसा तो एकसुरात घुमत राही. अन्विताला त्याची इतकी सवय झाली होती की तो तिला ऐकूच येत नसे. मिहूला थोपटता थोपटता तिचेही डोळे जड व्हायचे आणि अर्धवट झोपेत तिला वाटायचं, आपण लहान आहोत, कऱ्हाडच्या स्टँडवर पप्पांच्या केबिनमधल्या बाकावर आडव्या झालोय, आणि बाहेर गाड्या धडधडत उभ्या आहेत.

मग त्याच झोपेत पप्पांचा आवाज यायचा. "बाळा, झोपली का मिहू?"

"झोपली, पप्पा," ती डोळे न उघडता म्हणायची.

आवाज पप्पांचाच असायचा. घोटीव, भारदस्त, शेवटचं अक्षर न गिळणारा. फक्त तो खाटेवरून येत नसे, कॉम्प्युटरला जोडलेल्या छोट्या स्पीकरमधून येई. पप्पांचे ओठ मिटलेलेच असत.

हणमंत यादवांचा आवाज एके काळी अख्ख्या तालुक्याला माहीत होता. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे माइकवरून सांगायचं त्यांचं काम. लग्नकार्यात अनोळखी बाया मागून आवाज ऐकून वळायच्या आणि म्हणायच्या, अगंबाई, हे तर विट्याच्या गाडीचे. माइकसमोर बसले की ते आधी नखाने त्यावर तीनदा टकटक करायचे. मग थांबायचे. स्टँडवरचा कलकलाट आपोआप एक पायरी खाली यायचा, आणि मगच ते बोलायचे. दुसरी एक सवय त्याहून पक्की होती. गाडी प्रत्यक्ष फलाटाला लागल्याशिवाय ते तिचं नाव घेत नसत. बाकीचे नियंत्रक गाडी फाटकात दिसली की पुकारा करून मोकळे व्हायचे. मग माणसं पिशव्या, पोरं, कोंबड्या सावरत चारवर धावायची आणि गाडी जाऊन लागायची सहावर.

लहानपणी अन्विता केबिनच्या काचेला नाक लावून उभी असायची. गाडी दिसली की तिचा धीर सुटायचा. आली की, सांगा ना, पप्पा. तेव्हा ते हसून म्हणायचे, "लागू दे गं, मास्तरीण. नाव घेतलं की माणूस पळतो." घरात सगळ्यांवर हुकूम चालवते म्हणून तिचं नाव मास्तरीण.

मिहू पोटात होती तेव्हा पप्पांच्या मेंदूत रक्ताची एक गुठळी अडकली. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि शब्द गेले. समजायचं सगळं, चेहऱ्यावर दिसायचं की आत शब्द उभे आहेत. पण ओठांपर्यंत येता येता ते विरून जायचे आणि बाहेर पडायचा नुसता घशातला हुंकार. अन्विताची आई तर आधीच गेलेली. म्हणून अन्विता आणि तिचा नवरा प्रसन्न बिऱ्हाड उचलून पप्पांच्या घरी राहायला आले. गल्लीने प्रसन्नला घरजावई म्हणून चिडवून घेतलं, त्याने हसून ते पदरात घेतलं.

आणि मग घरात 'वाचा' आली.

नाव प्रोग्रॅमचं. डोक्यावर एक जाळीदार टोपी घालायची. शब्द तोंडात येण्याआधी मेंदूत त्याची जी चाहूल उठते, ती टोपीतले बारीक सेन्सर टिपतात. ती चाहूल कॉम्प्युटरला कळते आणि तो ती बोलून दाखवतो. मेंदूतलं असं काही इंटरनेटवरून बाहेर जाऊ नये असा आता कायदाच होता, त्यामुळे सगळं काम घरातल्याच मशीनवर चालायचं. म्हणून तो भलामोठा डेस्कटॉप. आवाजासाठी पप्पांची स्टँडवरची जुनी रेकॉर्डिंग वापरलेली. पहिल्या आठवड्यात त्यांना चहा हवा होता, तर स्पीकर खणखणीत म्हणाला, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. चहा." प्रसन्न हसून हसून जमिनीवर बसला होता. पप्पांच्याही डाव्या गालाला खळी पडली होती.

पुढे वाचा सुधारत गेली. रोज संध्याकाळी ती दिवसभरातली वाक्यं पडद्यावर दाखवायची आणि घरच्यांनी त्यापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. पप्पांची होकार-नकाराची मान भरवशाची नव्हती. हो म्हणायचं असताना ती नाही हलायची. म्हणून खुणा अन्विता करायची. एका मांडीवर मिहू, कुकर चढवलेला, डोळ्यांत झोप. 'मला भाजी आवडली.' बरोबर. 'तू दमली असशील, बाळा.' बरोबर. 'हे काय केलंयस?' हे पप्पा म्हणणार नाहीत, आणि म्हणू नयेत. चूक.

वर्षभरात वाचा अशी बोलायला लागली की ऐकत राहावं. मऊ, समजूतदार, एका दमात. प्रसन्नशी क्रिकेटवर रंगून गप्पा मारायची. पप्पा पूर्वी इतकं बोलत नसत. आजारपणाने माणूस हळवा होतो, असं अन्विता लोकांना सांगायची आणि तिचं तिलाच ते छान वाटायचं.

त्या वर्षी श्रावणात आभाळ उघडेचना.

त्यांची गल्ली आता आपल्याच विजेवर चालायची. सगळ्यांच्या गच्च्यांवर सौरपत्रे आणि कोपऱ्यावरच्या जुन्या व्यायामशाळेत सगळ्यांची मिळून एक बॅटरी. तिच्यावर देखरेख तांबोळीकाकांची. एकदा संध्याकाळी काका दारात आले, चहा नको म्हणत म्हणत प्यायले, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले की बॅटरीचा अर्धा भाग दुरुस्तीला गेलाय, वर हे आभाळ असं. महिनाभर प्रत्येकाने निम्म्यावर भागवायचंय. समोरच्या शिर्केवहिनींच्या सासूला ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते तर बंद ठेवता येत नाही. मग जरा थांबून, कपाकडे बघत, त्यांनी सांगितलं की गल्लीत सगळ्यात जास्त वीज यादवसाहेबांचं बोलणं खातं. हे सांगताना त्यांनाच इतकं अवघड झालं की चप्पल उलटी घालून गेले.

अन्विताने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. मिहू झाल्यावर नोकरी सुटली, पण हातातलं गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर झोपल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि मशीन सुरू होण्याआधीचं ते सेटिंगचं पान उघडलं, ज्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही.

प्रोसेसरची वीज दोन गोष्टींवर ठरते. तो सेकंदाला किती ठोके घेतो, आणि प्रत्येक ठोक्यामागे विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, किती असतो. ठोके निम्मे केले तर खर्च साधारण निम्मा होतो. पण दाब निम्मा करता आला, तर खर्च एकदम चौथाईवर येतो. म्हणून खरी बचत दाबात. शिवाय एकाच साच्यातून निघालेल्या चिपासुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. त्यातली सगळ्यात अशक्त चिपही अडखळू नये म्हणून कारखाना सगळ्यांनाच थोडा जास्त दाब देऊन ठेवतो. आणि वेगाचं म्हणाल तर शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. डाळीला उकळी आल्यावर गॅस कितीही मोठा ठेवला तरी ती काही तेवढी लवकर शिजत नाही, नुसती उतू जाते. तसंच.

तिने दाब एक पायरी खाली आणला. मशीन सुरू करून पाहिलं, पप्पांना विचारलं, बरं वाटतंय का. "छान वाटतंय, बाळा." अजून एक पायरी. अजून एक. मग एकदा पडदा गोठला. तेव्हा ती एक पायरी वर आली आणि तिथे थांबली. पंख्याचा सूर चांगलाच खाली आला होता आणि वाचाच्या बोलण्यात तसूभर फरक नव्हता. संध्याकाळी प्रसन्नने तिला सलाम ठोकला आणि पप्पांना म्हणाला, तुमच्या लेकीने तुम्हाला डाएटवर घातलं. स्पीकर लगेच हसला.

पण तेवढ्याने निम्म्यापर्यंत पोचत नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टर निकम मॅडम घरी येऊन गेल्या. गेले काही महिने त्या एका गोष्टीबद्दल बोलत होत्या. टोपीऐवजी कवटीच्या आत एक पातळ पट्टी बसवायची. मग घाम नको, जाळी नको, चाहूल कितीतरी स्वच्छ ऐकू येईल. एक गोष्ट मात्र त्यांनी लपवून ठेवली नव्हती. स्वतःच्या तोंडाने बोलणं परत येण्याची थोडी वाट मेंदूत अजून शिल्लक असते; पट्टी बसली की मेंदू ती वाट यंत्राकडे वळवून टाकतो. मग मागे फिरता येत नाही. म्हणून रुग्णाची संमती त्याच्याच आवाजात नोंदवून घ्यावी लागते.

मॅडमनी मोबाइल पुढे धरून विचारलं, आणि स्पीकर क्षणात म्हणाला, "होय, डॉक्टर. माझी संमती आहे. माझ्या मुलीला जे योग्य वाटेल, ते मला योग्य वाटतं."

अन्विताला भरून आलं. मॅडमनी पुढच्या गुरुवारची वेळ दिली. पप्पा छताकडे बघत होते. त्यांचा डावा हात चादरीवर काहीतरी चाचपत होता. तिने हातात हात घेतला, तेव्हा तो थांबला.

उरलेली वीज वाचवायला एकच उपाय होता: प्रोसेसरला सरळ लगाम घालायचा. काही झालं तरी इतक्या विजेच्या वर जायचं नाही, अशी मर्यादा. तिने ती घातली आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर एक सूचना आली. वेग कमी असल्याने वाक्यपूर्ती बंद ठेवली आहे. शब्द जसे येतील तसे ऐकवले जातील. तिने 'ठीक' दाबलं. वाक्यपूर्ती म्हणजे नेमकं काय, याचा तिने कधी विचार केला नव्हता.

आणि पंखा थांबला.

मळणीयंत्र बंद झाल्यावर जशी रानाला अचानक खोली येते, तशी त्या खोलीला आली. तिला परसातल्या चिमण्या ऐकू आल्या. मिहूचा श्वास ऐकू आला. पप्पांचाही, थोडा घरघरता. खिडकीतून ढगाळ उजेड आत येऊन अंथरुणावर पसरला होता, आणि सगळं घर पाण्याखाली असावं तसं संथ दिसत होतं. ती तशीच बसून राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. वाचा गप्पच होती. बिघडवलं की काय मी, असं तिच्या मनात आलं आणि ती उठणार, तेवढ्यात स्पीकरमधून एकच शब्द आला.

"मास्तरीण."

गुठळी अडकल्यापासून हे नाव तिने ऐकलं नव्हतं. आजवर ती बाळा होती. आणि पप्पांनी, चालत्याबोलत्या पप्पांनी, तिला आयुष्यात कधी बाळा म्हटलं नव्हतं. हे तिला या घडीला, इतक्या महिन्यांनी कळत होतं.

पुष्कळ वेळाने दुसरा शब्द आला. "पंखा." मग तिसरा. "बंद." त्यांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास सोडला. "लई बरं."

माइकवरची भाषा नव्हती ती. घरातली होती.

त्या रात्रीपर्यंत तिने वाचाची माहितीपुस्तिका वाचून काढली. प्रोग्रॅमचे दोन भाग होते. एक ऐकणारा. तो चाहुलीतून शब्द ओळखायचा. सावकाश, चाचपडत, पण जे आहे तेच. दुसरा जुळवणारा. तो पहिल्या एक-दोन शब्दांवरून पुढचं अख्खं वाक्य ताडायचा आणि बोलून मोकळा व्हायचा. त्याला वीज फार लागायची. आणि त्याला शिकवलं होतं घरच्यांच्या खुणांनी: बरोबर, बरोबर, चूक. हे असं का केलंय, तेही तिथे प्रामाणिकपणे लिहिलं होतं. उत्तर यायला फार वेळ लागला तर चार-सहा महिन्यांत घरातली माणसं रुग्णाशी बोलणंच सोडून देतात, म्हणून.

तिला कंपनीचा रागसुद्धा धड येईना. खुणा तिनेच केल्या होत्या.

पुढच्या दुपारी मिहूला झोपवून ती पप्पांपाशी स्टूल ओढून बसली. त्या दुपारी बोलणं म्हणजे विहिरीतून पाणी शेंदण्यासारखं होतं. एक शब्द वर यायचा, मग दोर पुन्हा खाली. मधल्या शांततेत पप्पांचा घसा काहीतरी करायचा. हुंकार, खरखर, ओठांची एक बारीक थरथर. पूर्वीही होत असेल. पण पूर्वी त्याच्या आत स्पीकर बोलून मोकळा झालेला असायचा, आणि सगळे तिकडेच बघायचे. मिहू मध्येच उठली, रांगत आली, खाटेच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि टक लावून आजोबांच्या तोंडाकडे बघायला लागली. ती स्वतःही बोलायच्या उंबरठ्यावरच होती. तिला त्या शांततेचं काही वाटत नव्हतं. तिच्याही शब्दांना असाच वेळ लागायचा.

अन्विताने सहज विचारावं तसं विचारलं, "पप्पा, गुरुवारी निकम मॅडमकडे जायचंय ना आपण?"

चिमण्या. मिहूचे लाळेचे बुडबुडे. मग स्पीकर: "गाडी."

"हो, हो, गाडी सांगितलीय. प्रसन्नने रजाही टाकलीय, तुम्ही काळजी—"

पप्पांनी डोळे मिटून घेतले. आणि मग त्यांच्या डाव्या हाताचं नख खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजलं. टक, टक, टक.

अन्विता बोलता बोलता थांबली. केबिनच्या बाकावर बसलेली पोर थांबायची, तशीच. मिहूही मान वळवून आवाजाकडे बघायला लागली. घर एक पायरी खाली आलं.

"गाडी," वाचा म्हणाली. थांबली. "फलाटाला." त्यानंतर इतका वेळ गेला की खिडकीतला उजेड किंचित सरकला. "न्हाई." पप्पांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांचे डोळे आता उघडे होते आणि सरळ तिच्यावर रोखलेले होते. "नाव... कोण... घेतंय?"

तिने त्यांचा हात धरला आणि मान खाली घातली, आणि तिला आठवलं की संमती नोंदवली त्या दिवशीही हा हात चादरीवर काहीतरी शोधत होता, वाजवायला काहीतरी, आणि तिने तो प्रेमाने धरून गप्प केला होता.

संध्याकाळी प्रसन्नला सगळं सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ मिहूचे मोजे उलटे-सुलटे करत बसला. मग त्याने विचारलं, "वर्षभर मी ज्यांच्याशी मॅचबद्दल बोलत होतो, ते कोण होते मग?"

"थोडे पप्पा," ती म्हणाली. "थोडी मी."

तो हसला नाही. तो रागावलाही नाही, पण त्याची भीती त्याने बोलून दाखवली, आणि ती खोटी नव्हती. पट्टी आत्ता नीट बसेल. वर्षभराने मेंदू तिला तितकं धरणार नाही, हे मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या. पप्पांचं स्वतःचं बोलणं परत येईल याची खात्री कुणीच देत नव्हतं. आज नको म्हटलं आणि उद्या तेही आलं नाही, तर हा माणूस उरलेलं आयुष्य दिवसाला वीस-पंचवीस शब्दांवर काढणार. "आणि तू रोज बसणारेस का अशी? प्रत्येक शब्दासाठी? पोर लहान आहे, अनू. तुला नोकरीवर परत जायचंय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तिलाही ती गोड वाचा हवीशी होती, थकून बसल्यावर तू दमली असशील म्हणणारी. ते कुणी म्हटलंच नव्हतं, हे कळल्यावर तर जास्तच. तिला आपलीच आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं, आणि हे ती प्रसन्नलाही सांगू शकत नव्हती.

मंगळवारी आभाळ उघडलं. दुरुस्तीला गेलेली बॅटरीही लवकर परत आली. तांबोळीकाका आनंदाने सांगत आले की आता यादवसाहेबांना म्हणावं, पोटभर बोला. ते गेल्यावर अन्विता मशीनपुढे बसली. ते पान उघडलं. लगाम काढायला दोन बटणं पुरेशी होती. मागे खाटेवर पप्पा जागे होते आणि तिच्या पाठीकडे बघत होते, हे तिला न बघताच कळत होतं.

पडद्यातल्या काळ्या कडेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. झोपेचा, केस विस्कटलेला. किती दुपारी ती या आवाजाच्या कुशीत झोपली होती. तिने पान तसंच मिटलं, काही न बदलता, आणि निकम मॅडमना फोन लावला. संमती पुन्हा घ्यायला हवी, एवढंच सांगितलं. आणि येताना वेळ काढून या, असंही.

मॅडम आल्या. त्यांनी प्रश्न विचारला आणि खुर्चीत बसल्या. सुरुवातीला त्यांचा पाय हलत होता. मग हलायचा थांबला. एकदा त्या काही सुचवायला तोंड उघडणार होत्या, तर अन्विताने नुसता हात वर केला. अखेर स्पीकर म्हणाला, "नको." आणि त्यानंतर, "तोंड." आणि पुष्कळ नंतर, "बघू दे."

मॅडमनी ते नोंदवून घेतलं. दारात चपला घालताना त्यांनी कबूल केलं की कुठल्याही रुग्णापाशी आपण इतका वेळ गप्प बसलो नव्हतो. आणि हेही सांगितलं, डॉक्टरने सांगावं तसंच, की पट्टीचं दार उघडं राहील पण हळूहळू मिटत जाईल. आणि तोंडाच्या वाटेवर काही सापडेलच असं नाही. प्रसन्न ते ऐकत उभा होता. त्याने अन्विताकडे पाहिलं नाही, पण रात्री त्याने स्वतःच पप्पांना मॅचचा निकाल विचारला आणि उत्तराची वाट बघत खाटेच्या पायाशी बसून राहिला. उत्तर आलं, "हरले." एवढंच. त्या एका शब्दात इतका जुना, खवचट आनंद होता की प्रसन्नला हसू फुटलं. पप्पांचा संघ वेगळा होता, हे त्याला वर्षभरात कळलंच नव्हतं.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. उन्हं कलली होती. खोलीत पंखा नव्हता, आवाज नव्हता. कुठेतरी भाजणीचा वास होता. मिहू दारात चौकटीला धरून उभी होती आणि पप्पांच्या खाटेकडे बघत होती. मध्ये सगळी रिकामी फरशी. तिने चौकट सोडली.

अन्विता जागच्या जागी थिजली. प्रसन्न स्वयंपाकघरातून बाहेर येता येता थबकला. त्याच्या तोंडाशी शब्द आला होता, आली आली, म्हणून तो ओरडणारच होता. टक, टक, टक. दांड्यावर नख वाजलं. प्रसन्नने ओठ मिटले.

मिहूने एक पाऊल टाकलं. डुलली. हात पसरून हवेलाच धरलं. दुसरं टाकलं. मधेच थांबून तिने फरशीवरच्या उन्हाच्या पट्ट्याकडे पाहिलं, जणू तो ओलांडावा की नाही. कुणी तिला बोलावलं नाही. कुणी तिचं नाव घेतलं नाही. ती पट्टा ओलांडून आली, झुकली, धपकन पुढे पडता पडता तिचा ओला तळहात खाटेच्या लोखंडी दांड्यावर येऊन टेकला. पप्पांच्या बोटांशेजारी.

पप्पांनी तो हात नीट बघितला. दांड्यावर आहे, पक्का आहे. मग त्यांचे ओठ थरथरले, घसा खरखरला, गळ्याची शीर ताठ झाली.

"आ..." ते म्हणाले. ते स्वतः. तुटक, जाड, ओबडधोबड आवाजात, जो कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. "...ली."

आणि मग थोड्या वेळाने, आपल्या संथ चालीने मागून येत, स्पीकरही म्हणाला, "आली."